गुरुजी, पहिली गाडी कुठली घेऊ?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. मी अंगणात माझी मोटरसायकल धूत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून आवाज आला, "गुरुजी, ओळखलंत का? दुबईवरून बोलतोय!"

न ओळखून कसं चालेल? मी नोकरीला लागलो त्या वर्षी हा माझ्या चौथीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. वडील मच्छीमार, आई मासळी विकायची. आता हा पठ्ठ्या दुबईत एसी दुरुस्तीचं काम करतो. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग तो मुद्द्यावर आला.

"गुरुजी, पहिली मोटरसायकल घ्यायची म्हणतोय. इथल्या दुकानात गेलं की डोकंच फिरतं, इतक्या गाड्या! तुम्ही सांगा, कुठली घेऊ?"

मला हसू आलं. "अरे, मी लहान मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवणारा मास्तर. दुबईतल्या गाड्यांतलं मला काय कळणार?"

"तसं नाय गुरुजी. तुम्हीपण आमच्या गावात नवीनच आलेलात ना? तुम्ही कशी निवडलीत, तेवढं सांगा."

मी त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगणार आहे. तुमच्यापैकी काहीजण दोन-चार वर्षांत गाडीसाठी घरी हट्ट धरणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुमच्या आई-बाबांनीही हे वाचावं. हट्ट कसा पुरवायचा, किंवा कसा पुरवायचा नाही, हे त्यांना ठरवायचं आहे!

देशावरचा माणूस कोकणात

मुलांनो, माझं गाव बीड जिल्ह्यात. सह्याद्रीच्या पलीकडून आलेल्या माणसाला कोकणात 'देशावरचा' किंवा 'घाटावरचा' म्हणतात. २०१० साली डीएड झाल्यावर माझी रायगड जिल्हा परिषदेत शिक्षणसेवक म्हणून नेमणूक झाली. शाळा मिळाली ती रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, मुरूड तालुक्यात, समुद्राला लागून असलेल्या एका गावात. पासपोर्ट लागला नाही, व्हिसा लागला नाही, तरी माझ्यासाठी तो दुसरा देशच होता!

आमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला की शेतकरी खूश. इथे अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यात दोन हजारांच्या वर पडतो. आमच्याकडे माती काळी, इथे तांबडी. आमचे रस्ते सरळसोट. इथे एका हाताला डोंगर, एका हाताला समुद्र आणि मधून वळणावळणाची चिंचोळी वाट. 'होरी' म्हणजे होडी आणि 'गारी' म्हणजे गाडी, हे कळायलाही मला आठ दिवस लागले.

पहिली दोन वर्षं मी एसटीनं आणि पायी फिरलो. शिक्षणसेवकाचं मानधन तुटपुंजं, त्यामुळे दुसरा इलाजच नव्हता. पण आज वाटतं, तीच माझी खरी शाळा होती. कुठल्या वळणावर वाळू साचते, कुठल्या मोरीवरून पावसाळ्यात पाणी जातं, भरतीला कुठल्या धक्क्याच्या पायऱ्या बुडतात, हे सगळं मला एसटीच्या खिडकीतून आणि पायांनी शिकवलं.

२०१२ साली थोडे पैसे साठले, थोडे आईनं पाठवले. पैशांबरोबर तिचा निरोपही आला, "लेकरा, गाडी घे, पर आधी डोक्याचं टोपडं घे!" टोपडं म्हणजे हेल्मेट, बरं का.

आणि मी अलिबागला गाडी बघायला गेलो.

काळी, मोठी, चकचकीत!

दुकानात शिरताच एक गाडी माझ्या मनात भरली. काळीभोर, पेट्रोलची टाकी पैलवानाच्या छातीसारखी, मागचं चाक हे एवढं जाड! किंमत साध्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट. मी तिचं माहितीपत्रक खिशात घालून परत आलो आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत वर्गात दाखवलं.

मला वाटलं, मुलं 'वा वा' करतील. मागच्या बाकावरून एक आवाज आला, "गुरुजी, गारी चार महिन्यांत गंजंल!"

आवाज याचाच, आता दुबईत असलेल्या पठ्ठ्याचा. तेव्हा तो सहावीत होता. मी विचारलं, "कशावरून?" तो म्हणाला, "बाबा बोटीवरून आले की इंजिनावर गोडं पाणी मारतात, मग पुसून तेलाचा हात फिरवतात. नाय केलं तर खारं खातं. तुमच्या गारीला पुढून-मागून सगळं चकचकीत लोखंड. त्याला कोण तेल लावणार?"

शिक्षकानं हार मानायची नसते, प्रयोग करायचा असतो! आम्ही तीन बाटल्या घेतल्या. पहिली कोरडी, झाकण घट्ट लावलेली. दुसरीत विहिरीचं पाणी, तिसरीत समुद्राचं. प्रत्येकीत एक-एक नवा खिळा टाकला. पाण्याच्या बाटल्यांत तो अर्धा बुडेल असा ठेवला. आठ दिवसांनी पाहिलं तर कोरड्या बाटलीतला खिळा जसाच्या तसा, विहिरीच्या पाण्यातल्यावर गंजाचे डाग आणि समुद्राच्या पाण्यातला सर्वांत जास्त तांबूस झालेला. असं का? लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन दोन्ही लागतात. पाण्यात मीठ असलं की त्यातून विजेचे भार सहज वाहतात आणि गंजण्याची क्रिया भराभर होते. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार असतात. ते रोज गाडीवर बसतात. चेन, तारा, सायलेन्सर, स्क्रू, सगळ्यांवर!

माझा पहिला धडा झाला. गाडी घेताना दुकानाच्या दिव्याखाली ती कशी दिसते ते पाहू नये. तिला जिथं राहायचं आहे, तिथल्या हवेत ती कशी टिकेल ते पाहावं.

शंभर सीसी म्हणजे किती?

दुसरा प्रश्न पोरांनीच काढला, "गुरुजी, सीसी म्हणजे काय?"

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. इंजिनात एक पोकळ नळकांडं असतं, त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात दट्ट्या वर-खाली होतो. दट्ट्या अगदी वरपासून अगदी खालपर्यंत येतो तेव्हा जेवढी जागा मोकळी होते, तेवढे त्या इंजिनाचे सीसी. आपल्या रस्त्यांवर पदोपदी दिसणारी स्प्लेंडर घ्या. तिच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ४९.५ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र वरच्या वर्गातल्या मुलांना येतं. ३.१४ गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. करून पाहा बरं! उत्तर ९७ घन सेंटिमीटरच्या थोडं वर येईल. म्हणजे जेमतेम अर्धा पेला पाण्याएवढी जागा. तेवढ्या जागेत पेट्रोलचा सूक्ष्म फवारा आणि हवा मिनिटाला हजारो वेळा पेटते आणि दोन माणसांना घाट चढवते. आहे की नाही गंमत?

जगातली पहिली पेट्रोल इंजिनाची दुचाकी १८८५ साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख या दोघांनी बनवली. तिची ताकद होती अवघी अर्धा अश्वशक्ती! तिथून माणूस आज कुठल्या कुठे पोचला. पण जास्त सीसी म्हणजे जास्त चांगली गाडी, असं गणित नाही. सीसी वाढले की ताकद वाढते, तशी किंमत वाढते, पेट्रोल वाढतं आणि बहुतेक वेळा वजनही वाढतं.

वजनाचा धडा मला धक्क्यावर मिळाला. आमच्या भागात खाडी ओलांडायची तर बोट लागते. आज आगरदांडा ते दिघी गाड्या नेणारी फेरीबोट आहे. भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोटही मार्च २०२० पासून सुरू झाली आणि मुंबईची माणसं गाडीसकट तासाभरात मांडव्याला उतरू लागली. पण मी गाडी शोधत होतो तेव्हा लोक साध्या लाँचमध्येही मोटरसायकल चढवायचे. दोन माणसं पुढून, दोन मागून, खाली शेवाळलेल्या पायऱ्या. एकानं मला म्हटलं, "गुरुजी, शंभर-एकशे दहा किलोची आम्ही उचलू. दोनशे किलोची असेल, तर तुम्ही पोहत न्या!"

खरंच, स्प्लेंडरसारखी गाडी ११२ किलोच्या आसपास आणि ३५० सीसीची बुलेट १९० किलोच्या वर. नवशिक्याची गाडी कधी ना कधी आडवी होतेच. ती आपल्याला एकट्याला उभी करता येईल का, चढावर ढकलता येईल का आणि बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का, हे तीन प्रश्न दुकानदार आपल्याला विचारत नाही. ते आपले आपणच विचारायचे.

पंक्चरवाल्याचा सल्ला

शेवटचा धडा गावच्या गॅरेजवाल्यानं दिला. मी त्याला ते माहितीपत्रक दाखवलं. त्यानं ते नीट पाहिलं आणि मग काही न बोलता आपल्या फळीवरचे डबे उघडून दाखवले. एका डब्यात क्लचच्या तारा, एकात ब्रेकचे लायनर, एकात प्लग. "हे सगळं शंभर-सव्वाशेच्या गाड्यांचं. तुमच्या काळ्या गाडीचं सामान मला अलिबागहून मागवावं लागेल, कधी मुंबईहून. तोवर तुम्ही चालत शाळेत जाणार का?"

मी घरी आलो, माहितीपत्रक रद्दीत टाकलं आणि एक साधी, हलकी, शंभर सीसीची गाडी घेतली. तिला किक होती. त्या किकचं महत्त्व मला आठ वर्षांनी कळलं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकलं. माड, आंबे, पोफळी, विजेचे खांब, सगळं आडवं. फोन बंद, वीज बंद. गाडीची बॅटरीही नेमकी तेव्हाच उतरलेली. पण किक मारली आणि गाडी सुरू झाली! विद्यार्थ्यांची घरं शाबूत आहेत का ते पाहायला मी निघालो. रस्त्यावर झाड आडवं आलं की दोघे-तिघे मिळून गाडी उचलून पलीकडे ठेवायचे. त्या दिवशी ती काळी गाडी असती, तर मी पहिल्याच झाडाशी अडकलो असतो.

माझी चूक

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, गुरुजी फारच शहाणे दिसतात! थांबा. आता सांगतो ती माझी चूक आहे आणि ती सांगायला मला आजही जड जातं.

२०१६ सालचा डिसेंबर होता. आपला हा पठ्ठ्या तोवर दहावीत गेला होता. संध्याकाळी माझ्याकडे गणित शिकायला यायचा. एके दिवशी म्हणाला, "गुरुजी, बाबांची बोट लागलीय. धक्क्यावर जाऊन येतो, जरा चावी द्या ना. पाच मिनिटांत आलो!" त्याला गाडी चालवता येत होती, हे मला माहीत होतं. गावातल्या सगळ्याच पोरांना येते. मी चावी दिली. हेल्मेट खुंटीवरच राहिलं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग कुणीतरी धावत आलं.

वळणावर वाऱ्यानं वाळूचा पातळ थर आणून टाकला होता. त्यानं तिथेच ब्रेक दाबला आणि पुढचं चाक सरकलं. नडगीचं हाड मोडलं. डोकं दगडापासून हातभर अंतरावर पडलं होतं. हातभर! दहावीची परीक्षा त्यानं कुबडी घेऊन दिली.

मी त्याच्या वडिलांपुढे मान खाली घालून उभा राहिलो. ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "गुरुजी, होरीपण आम्ही पोराला एकदम नाय देत. आधी पाणी उपसायला लावतो. मग वल्हं देतो. सुकाणू सगळ्यात शेवटी."

मुलांनो, डीएडला दोन वर्षांत मी जे शिकलो नाही, ते त्या एका वाक्यानं मला शिकवलं. गाडी चालवता येणं वेगळं आणि गाडी हातात द्यावी इतकं वय, अंदाज आणि जबाबदारी येणं वेगळं.

कायदाही तेच सांगतो. गिअरची मोटरसायकल चालवायला १८ वर्षं पूर्ण हवीत. ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी १६ वर्षं आणि पालकांची संमती चालते. पण बाजारातल्या नेहमीच्या स्कूटर शंभर सीसीच्या वरच्या असतात, त्यांना ही सवलत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. म्हणजे 'पाच मिनिटांत आलो' म्हणणाऱ्याला कित्येक वर्षं थांबावं लागतं!

पालकांसाठी एक आकडा देतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली १०० पैकी ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण होते. त्यांत १४ हजारांहून अधिक मागे बसलेले. म्हणून घरात गाडी एक असली, तरी हेल्मेटं दोन हवीत, आयएसआय छापाची आणि हनुवटीखाली पट्टा लावलेली. आरशाला अडकवलेलं हेल्मेट आरशाचं रक्षण करतं, डोक्याचं नाही!

दुबईला काय सांगितलं?

तर असा आमचा दोघांचा इतिहास. म्हणूनच त्यानं फोनवर "तुम्ही सांगा" म्हटल्यावर मी क्षणभर गप्प झालो. मग म्हणालो, "पहिली गोष्ट. मी घेतली, तशी गाडी तू घेऊ नकोस."

तो चकित झाला. "का गुरुजी?"

"कारण तुझा मुलूख वेगळा. तुझी खोली आणि कामाची जागा यांच्यामध्ये कसला रस्ता आहे?"

"मोठा हायवे. सहा-सहा पदरी. गाड्या शंभर-एकशे वीसनं जातात."

"मग तिथं शंभर सीसीची गाडी नवशिक्याला धोक्याची. इतरांच्या वेगानं ती धावणार नाही, मागून येणाऱ्याला तू अडथळा होशील. मोठा ट्रक शेजारून गेला तर त्याच्या वाऱ्यानं हलकी गाडी हलते. इकडे जी शहाणी, ती तिकडे वेडी!"

मग आम्ही दोघांनी फोनवरच यादी केली. तिथं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, आपल्या उलट. म्हणजे चौकात आधी कुणीकडे बघायचं, वर्तुळाला कुठून वळसा घालायचा, ही इतक्या वर्षांची सवय मोडायची. सोपी गोष्ट एवढीच, की गाडी स्वतः बदलत नाही. आजच्या मोटरसायकलींचा क्लच डाव्या हाताला आणि पुढचा ब्रेक उजव्या हाताला, मग देश कुठलाही असो. (आपल्या जुन्या बुलेटचा गिअर मात्र उजव्या पायाला असायचा. घरात आजोबा असतील तर विचारा!)

दुसरं, परवाना. तिथं राहायला गेलेल्या भारतीयाला आपल्या इथल्या परवान्यावर गाडी चालवता येत नाही. तिथल्या शाळेत शिकून परीक्षा द्यावी लागते. मी म्हटलं, "ते बरंच आहे. शिकवणीला जाशील, तेव्हा चार तऱ्हेच्या गाड्यांवर बसलेली माणसं भेटतील. त्यांना विचार. दुकानात जाण्याआधी रस्त्यावरच्या माणसांकडे जा."

तिसरं, हवा. उन्हाळ्यात तिथं पारा ४५ अंशांवर जातो. वाळू आपल्याकडे वळणावर असते, तिथं हवेतच असते. एअर फिल्टर वारंवार साफ करायला हवा. टायरची हवा सकाळी गाडी थंड असतानाच तपासायची. आणि ब्रेक? वाळूवर चाक अडकून सरकतं, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. अचानक ब्रेक दाबला तरी चाक पूर्ण अडकू न देणारी एबीएस नावाची यंत्रणा असते. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना ती एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. "ती असलेलीच घे," मी म्हणालो. तो हळूच म्हणाला, "होय गुरुजी. ते वळण अजून आठवतंय."

मग मी त्याला युरोपातली पद्धत सांगितली. तिथल्या बऱ्याच देशांत मोटरसायकलचा परवाना पायरीपायरीनं मिळतो. जर्मनीत १६ व्या वर्षी १२५ सीसीपर्यंतची गाडी, १८ व्या वर्षी मध्यम ताकदीची आणि पाहिजे तेवढी मोठी गाडी त्या दुसऱ्या पायरीवर दोन वर्षं घालवल्यावर. थेट हवी असेल तर २४ व्या वर्षी. ब्रिटनमध्येही १७ वर्षांचा मुलगा आधी एक प्राथमिक प्रशिक्षण पुरं करतो, तेव्हा कुठे त्याला 'एल' पाटी लावून १२५ सीसीपर्यंतची गाडी रस्त्यावर नेता येते.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे बाबांचंच झालं की! आधी उपसा, मग वल्हं, मग सुकाणू."

काय सांगू, माझे डोळे पाणावले. जे युरोपातल्या सरकारांनी कायद्यात लिहिलं, ते आमच्या गावच्या मच्छीमाराला न लिहिताच माहीत होतं!

"मग गुरुजी, अजून चार महिने बस आणि मेट्रोच," तो हिरमुसून म्हणाला.

"माझी दोन वर्षं एसटीत गेली. खिडकीजवळ बस आणि रस्ता वाचत जा," मी म्हणालो.

गाडी घेण्याआधीचे नऊ प्रश्न

नव्या गावात, नव्या शहरात किंवा नव्या देशात पहिली गाडी घेताना हे प्रश्न वहीत लिहा आणि शेजारी उत्तरं लिहा. एकाही उत्तराची जागा कोरी राहिली, तर गाडी पुढच्या महिन्यात!

१. माझ्याकडे या जागेचा परवाना आहे का? (आपल्याकडे शिकाऊ परवाना मिळाल्यावर पक्क्या परवान्याच्या चाचणीसाठी किमान ३० दिवस थांबावं लागतं. ते दिवस सरावाचे आहेत.)

२. मी रोज कुठल्या रस्त्यानं, किती अंतर जाणार? घाट, वाळू, चिखल की हायवे?

३. इथली हवा गाडीला काय करते? खारं, धूळ, ऊन की पाऊस?

४. बसल्यावर माझे दोन्ही पाय जमिनीला टेकतात का?

५. आडवी पडलेली गाडी मला एकट्याला उभी करता येते का?

६. ब्रेक कसले आहेत? एबीएस आहे का?

७. जवळचा गॅरेजवाला ही गाडी दुरुस्त करतो का? सुटे भाग त्याच्याकडे मिळतात का?

८. गाडीची किंमत सोडून नोंदणी, विमा, रेनकोट, पेट्रोल आणि सर्व्हिसिंग यांचे पैसे माझ्याजवळ आहेत का? (विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही.)

९. हेल्मेट घेतलं का? माझं आणि मागे बसणाऱ्याचंही?

आणि हो, दहावा प्रश्न वहीत लिहायचा नाही, स्वतःला विचारायचा. ही गाडी मला हवी आहे, की लोकांनी माझ्याकडे बघायला हवं आहे? माझ्या काळ्या गाडीचं उत्तर मला या प्रश्नातच सापडलं होतं.

परवा दुबईहून एक फोटो आला. मला वाटलं, घेतली वाटतं यानं गाडी! उघडून पाहतो तर टेबलावर ठेवलेलं नवंकोरं पांढरं हेल्मेट. खाली लिहिलं होतं, 'गुरुजी, तुमच्या आईचं टोपडं आधी घेतलं. गाडी परवाना मिळाल्यावर.'

मी तो फोटो शाळेत मुलांना दाखवला. मागच्या बाकावरून एक चिमुरडी उठली आणि म्हणाली, "गुरुजी, पण तुमचं हेल्मेट तर जुनं झालंय. त्याचा पट्टा तुटलाय."

वर्ग हसला. मीही हसलो. आणि खरं सांगतो, त्याच संध्याकाळी मुरूडला जाऊन नवं हेल्मेट घेऊन आलो. आज तुमच्या घरातलं हेल्मेट खुंटीवरून काढा आणि त्याचा पट्टा तपासा बरं!